बिबट्या, आपला जुना शेजारी



आपल्या या पत्रात सहसा लग्नाच्या नि बारमित्स्वाच्या बातम्या येतात, कुणाच्या आजीची चिकाच्या हलव्याची कृती येते, रेवदंडा-अलिबागच्या आठवणी येतात. या वेळी मी जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे बिबट्या. तुम्ही म्हणाल, हिला सत्तरी उलटल्यावर हे काय सुचलं! पण बघा, जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आपली माणसं कित्येक पिढ्या राहिली. आपली आडनावंच मुळी त्या गावांवरून पडली. शेजारी कोळी होते, आगरी होते, कातकरी होते, मुसलमान होते. आणि वर डोंगरात बिबट्या होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची आठवण काढायची, तर त्याला वगळून कसं चालेल?

दुसरं कारण असं, की गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने या जनावराबद्दल जे शिकून घेतलं, ते जगात फार थोड्या ठिकाणी कोणाला शिकायला मिळालं. ते शिक्षण स्वस्तात मिळालं नाही, माणसांचे जीव गेले. म्हणून ते नातवंडांना नीट समजावून सांगावं असं मला वाटतं.

आधी नावाचा घोळ मिटवू या. आमच्या लहानपणी कोकणात त्याला कोणी बिबट्या म्हणत नसे. सरळ 'वाघ' म्हणायचे, फार तर 'बिबळ्या वाघ'. अंगावर पट्टे असलेला तो ढाण्या वाघ, तो वेगळा. काही लोक बिबट्यालाच चित्ता म्हणतात, तेही चूक. मुलांनो, ओळखायची खूण सांगते. चित्त्याच्या अंगावर सुटेसुटे भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, जणू काजळ ओघळलंय. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके फुलासारखे असतात, भोवती काळ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळं. भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. २०२२ पासून आफ्रिकेतले चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले, ती निराळी गोष्ट. आणि हिब्रूतला 'नामेर' म्हणजे बिबट्याच बरं का! मराठी भाषांतरात त्याचा चित्ता झाला, म्हणून आपल्यातल्या पुष्कळ जणांचा गोंधळ होतो.

माझं आजोळ मुरूडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद. घराभोवती काट्याची वई आणि तिला बांबूचं बेडं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईची मुलं तिथे जायचो. दिवेलागण झाली की शेळ्या गोठ्यात, कोंबड्या डालग्याखाली आणि मुलं घरात. आजीचा नियम कडक होता. रात्री परसाकडे जायचं तर एकट्याने नाही, हातात कंदील घ्यायचा आणि मोठ्याने बोलत जायचं. रात्री त्याचं नावही घ्यायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. सकाळी कोणीतरी सांगायचं, "रात्री जनावर येऊन गेलं." म्हणजे वाटेवरच्या मऊ मातीत पाऊल उठलेलं असायचं. आम्ही मुलं पळत बघायला जायचो.

एकदा शेजारच्या घरची शेळी गेली. आजी हळहळली, त्यांच्या घरी जाऊन बसली, पण घरी येऊन म्हणाली, "दार उघडं ठेवलंन नं. त्याने काय दारावरची पाटी वाचायची होती?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. बिबट्या चांगला की वाईट, असा प्रश्नच तिला कधी पडला नाही. पाऊस जसा येतो तसा तो येतो. आपण कौलं शाकारायची, तसंच गोठ्याचं दार लावायचं.

ते डोंगर म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा. नवाबाचं राज्य गेलं, जंगल मात्र राहिलं. १९८६ साली सरकारने तिथे फणसाड अभयारण्य जाहीर केलं. सुमारे ७० चौरस किलोमीटरचं ते रान आहे. पाणवठ्यांना तिकडे 'गाण' म्हणतात. शेकरू आहे, सांबर आहे आणि बिबट्याही आहे. अलिबाग-मुरूडला जाणारी आपली तरुण मंडळी जुनी सिनेगॉग नि कबरस्तानं बघतात, समुद्रावर जातात आणि परत फिरतात. एखादा दिवस फणसाडलाही द्यावा.

उत्तरेकडे ठाणे-पालघरच्या बाजूला वारली लोक वाघोबाला देव मानतात. लाकडावर किंवा दगडावर वाघाची आकृती कोरलेली असते, शेजारी चंद्र-सूर्य. २०२१ साली संशोधकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली. आपल्यात मूर्तीला नमस्कार करत नाहीत, ते ठीक. पण त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. वाघोबाशी करार आहे म्हणा ना! आम्ही तुझा मान राखतो, तू आमची गुरं राख. करार मोडला तर भांडण होतं, पण शेजार मोडत नाही.

आता मुंबईकडे येते. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. कान्हेरीची लेणी त्यातच आहेत. तुळशी आणि विहार हे तलाव त्यातच, ज्यांचं पाणी मुंबई पिते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आणि तिन्ही-चारही बाजूंनी शहर. बोरिवली, मुलुंड, भांडुप, ठाणे अशी वस्ती वाढत वाढत जंगलाच्या भिंतीला टेकली. आम्ही जेव्हा शाळेच्या सहलीला जात होतो तेव्हा स्टेशनाबाहेर पडल्यावर शेतं लागायची. आता जंगलाच्या कडेला वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत 'जंगलाचा देखावा' असं लिहिलेलं असतं. देखाव्यात कोण कोण राहतं ते मात्र जाहिरातीत नसतं.

२००२ ते २००४ या काळात तिथे बिबट्याचे माणसांवर हल्ले फार वाढले. २००४ चा जून महिना सर्वांत वाईट गेला. मृत माणसं बहुतेक गरिबांची, झोपडपट्टीतली. लहान मुलं त्यांत होती. तेव्हा सगळे एकच म्हणत होते, पकडा नि लांब जंगलात नेऊन सोडा. ऐकायला हे किती बरं वाटतं! माझी नऊ वर्षांची नात परवा हेच म्हणाली, "आजी, व्हाय डोण्ट दे जस्ट मूव्ह देम?" मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही तेव्हा तेच वाटत होतं.

याचं उत्तर जुन्नरला सापडलं. पुणे जिल्ह्यातलं जुन्नर, आंबेगाव, शिरूर म्हणजे पूर्वी कोरडवाहू मुलूख. धरणं झाली, कालवे आले आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे बिबट्याला आयतं रान. पुरुषभर उंच, दाट, थंड, आत महिनोन्‌महिने कोणी जात नाही. मादी तिथेच विते. खायला गावातली कुत्री, डुकरं, शेळ्या. २००१ नंतर तिथले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडायचं काम जोरात सुरू झालं. विद्या अत्रेय या प्राणिशास्त्रज्ञ बाई तेव्हा त्या भागात राहत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तर उलटंच दिसलं. त्या आधीच्या वर्षांत जुन्नर भागात माणसांवर सरासरी वर्षाला ४ हल्ले होत होते. पकडून सोडणं सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. ज्या जंगलांजवळ बिबटे नेऊन सोडले तिथेही हल्ले होऊ लागले.

असं का व्हावं? कारण सोपं आहे. बिबट्याचा आपला इलाका असतो. कुठे पाणी, कुठे लपायचं, कोणत्या घरचा कुत्रा भुंकतो, माणसं कधी झोपतात हे त्याला पाठ असतं. माणसाला चुकवून कसं राहायचं ते तो आईकडून शिकलेला असतो. त्याला धरून पिंजऱ्यात घातलं, तो सळयांवर डोकं आपटून जखमी झाला, दात तुटले, मग परमुलखात नेऊन टाकला. तिथे आधीच दुसरे बिबटे बसलेले. हा घाबरलेला, भुकेला, रस्ते माहीत नाहीत. आणि इकडे त्याची रिकामी जागा महिन्या-दोन महिन्यांत दुसरा तरणा बिबट्या येऊन घेतो. म्हणजे दोन्ही गावांच्या डोक्याला ताप.

आपण सगळे एका मुलखातून उठून दुसऱ्या मुलखात आलेली माणसं. आपण आपल्या मर्जीने आलो, सामान बांधून आलो, पुढे कोणीतरी न्यायला उभं होतं. तरी पहिल्या वर्षी काय हाल झाले ते आठवा. मी १९७९ च्या जानेवारीत इथे आले, तेव्हा बर्फात दिशा कळत नव्हती. जनावराला तर कोणी विचारतही नाही.

आता आजोबाची गोष्ट सांगते. ही मुलांनी नक्की वाचावी. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) टाकळी ढोकेश्वर गावी एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. विद्याताईंच्या गटाने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. जनावर वयस्कर आणि शांत होतं, म्हणून त्याचं नाव पडलं 'आजोबा'. आजोबा निघाले ते चालतच राहिले. दिवसा झुडपात पडून राहायचे आणि रात्री चालायचे. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, तानसाच्या जंगलातून गेले, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडच्या नागला भागात पोचले. वाटेत कितीतरी गावं लागली. एकाही माणसाला नखही लावलं नाही. बहुतेक गावकऱ्यांना तर कळलंही नाही की रात्री आपल्या दारावरून कोण गेलं.

पट्ट्याने काही दिवसांनी काम करणं थांबवलं. पुढे २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने एक बिबट्या मेला. त्याच्या कातडीखाली बसवलेल्या चिपवरून ओळख पटली. तो आजोबाच होता. त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमा निघाला, ऊर्मिला मातोंडकरने त्यात काम केलं आहे. नातवंडांना दाखवा.

या सगळ्यातून मुंबई शहाणी झाली. २०११ साली वनखातं, शास्त्रज्ञ आणि साधे मुंबईकर यांनी मिळून काम सुरू केलं. बिबटे पकडत सुटायचं नाही, माणसांना समजवायचं. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्री-डुकरं येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. वस्तीत संडास बांधा, म्हणजे पहाटे मुलांना उघड्यावर बसावं लागणार नाही. दिवे लावा. बिबट्या दिसला तर त्याला गर्दी करून घेरू नका, वाट मोकळी ठेवा. माझ्या आजीचेच नियम म्हणायचे हे, फक्त सरकारी कागदावर आले! २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यानात आणि आसपास ३५ बिबटे दिसले. २०१८ साली ४७. इतक्या लहान जागेत इतके बिबटे जगात फारच कमी ठिकाणी असतील. बिबटे वाढले तरी २००४ सारखा काळ मुंबईत पुन्हा आला नाही. २०१८ साली एका अभ्यासात तर असंही मांडलं गेलं, की हे बिबटे भटकी कुत्री खातात त्यामुळे कुत्रा चावण्याचे आणि रेबीजचे प्रकार कमी होत असतील. शहराला त्याचा असाही उपयोग.

ठाण्याला अजून आपली पुष्कळ घरं आहेत. येऊरचा डोंगर म्हणजे याच उद्यानाची ठाण्याकडची बाजू. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या पहाटे ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला. नंतर शेजारच्या हॉटेलच्या तळघरात सापडला आणि त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडला. माझा मामेभाऊ तिथे जवळच राहतो. त्याने फोन केला, "ताई, तुम्ही मॉलमध्ये खरेदीला जाता, आमच्याकडे हे पण येतात!" तो हसत होता. पंधरा वर्षांपूर्वी तो हसला नसता.

पण एवढ्यावर थांबले तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन मुलं आणि एक वृद्ध बाई. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जाळली. शेवटी नेमबाज बोलावून त्या बिबट्याला गोळी घातली. माझी कॉलेजातली मैत्रीण नारायणगावला असते. मी तिला फोन करून आजोबाची नि मुंबईची गोष्ट सांगायला लागले, तर ती म्हणाली, "अगं, तू तिकडे बसून बोलतेस. मुंबईत संध्याकाळी लिफ्टने वर गेलं की झालं. इथे माणसाला रात्री दोनला शेतात पाणी धरायला जावं लागतं, कारण वीज रात्रीच देतात. पोरं उसाच्या कडेकडेने शाळेत जातात. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून बायका शेतात काम करतायत, तो फोटो बघितलास का?"

तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि घालूही नये. ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला निसर्गाचा समतोल सांगायला कोणी जाऊ नये. ज्या बिबट्याला माणूस मारायची सवय लागली त्याला काढावंच लागतं, हे शास्त्रज्ञही मान्य करतात. पण एक काढला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण ऊस तिथेच आहे. मैत्रिणीच्या बोलण्यातच खरी यादी होती. शेतीला दिवसा वीज. मुलांना शाळेची गाडी. शेळ्यांना चारी बाजूंनी आणि वरून बंद गोठा. शेळी गेली तर भरपाई लवकर. मेलेल्या कोंबड्या नि उष्टं-खरकटं गावाबाहेर फेकायची सवय बंद. यातल्या एकाही गोष्टीला बंदूक लागत नाही. पैसे मात्र लागतात, आणि ते एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून यावेत असं म्हणणं अन्याय आहे. वाघ-बिबट्या टिकावा असं सगळ्या देशाला, सगळ्या जगाला वाटतं, तर खर्चही सगळ्यांनी उचलावा.

ऊसतोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. पूर्वी लोक ती उचलून आणत, मग मादी चवताळून गावाभोवती फिरायची. आता माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर आणि वनखात्याचे लोक पिल्लं तपासून त्याच जागी रात्री टोपलीत ठेवतात. आई येते आणि एकेक तोंडात धरून घेऊन जाते. अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळाली. हे काम करणाऱ्यांत जुन्नरच्या गावांतलीच मुलं आहेत.

इस्राएलातल्या वाचकांना वाटेल, आमचा याच्याशी काय संबंध? तर ऐका. यहुदाच्या वाळवंटात आणि नेगेवमध्ये नामेर होता. तो अरबी जातीचा, आपल्या बिबट्यापेक्षा चणीने लहान. एन-गेदीला तर १९७० नि ८० च्या दशकांत शास्त्रज्ञ त्याचा माग काढून अभ्यास करत होते. २००७ च्या मे महिन्यात डिमोनाहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, "अगं, इथे स्दे बोकेरला एका माणसाच्या बिछान्यात नामेर शिरला!" खरंच होतं ते. भुकेलेला, अशक्त झालेला बिबट्या घरातल्या मांजरामागे आला. त्या माणसाने त्याला मानेला धरून वनरक्षक येईपर्यंत दाबून ठेवलं. वर्तमानपत्रांत सगळीकडे फोटो आले. आम्ही खूप हसलो. आता मागे वळून बघताना हसू येत नाही, कारण तो तिथल्या शेवटच्या काही बिबट्यांपैकी होता. आज इस्राएलात रानातला बिबट्या उरला नाही असंच जाणकार मानतात. साऱ्या जगात रानात राहणारे अरबी बिबटे दोनशेसुद्धा नसतील, ते ओमान-येमेनकडे. ज्या जनावराचं नाव तनाखमध्ये आहे, सिनेगॉगच्या भिंतींवर सिंह, हरण नि गरुडाबरोबर ज्याचं चित्र काढतात, ते त्या भूमीतून आपल्या डोळ्यांदेखत गेलं.

आणि आमचं नेपरव्हिल? हे गाव शिकागोच्या पश्चिमेला. १९६० साली इथे १२,९३३ माणसं होती, २०२० साली १,४९,५४०. मक्याची शेतं गेली, घरं आली. त्या आधी मक्यासाठी प्रेअरी, म्हणजे उंच गवताची माळरानं, नांगरली गेली. इलिनॉयला प्रेअरीचं राज्य म्हणतात, पण मूळ प्रेअरीतला टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा उरलेला नाही. इथेही मोठं मांजर होतं, कूगर. त्यालाच प्यूमा किंवा माउंटन लायन म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीच इलिनॉयमधून त्याचा नायनाट झाला. आता पश्चिमेकडच्या डोंगरांत ते वाढले, तर त्यांतले तरणे नर जागा शोधत शेकडो मैल चालत इकडे येतात. अगदी आजोबासारखे.

२००८ च्या एप्रिलमध्ये असा एक शिकागो शहरात, रॉस्को व्हिलेजच्या वस्तीत पोचला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तपासणीत तो साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्स डोंगरातला निघाला. पुढे २०१५ पासून इलिनॉयने कूगर, लांडगा आणि काळं अस्वल यांना कायद्याचं संरक्षण दिलं. २०२२ च्या ऑक्टोबरात एक कूगर नेब्रास्काहून स्प्रिंगफील्डला आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता. या वेळी गोळी नाही, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि इंडियानातल्या निवारा केंद्रात पाठवलं. त्याच महिन्यात दुसरा एक कूगर डिकाल्ब परगण्यात आय-८८ महामार्गावर गाडीखाली मेला. आय-८८ म्हणजे आमच्या नेपरव्हिलवरूनच जाणारा रस्ता. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन! बातमी वाचली तेव्हा मला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आठवला. जनावरं वेगळी आणि देश वेगळे, पण मरण एकच.

मग रस्तेच बांधू नयेत का? तसं कोण म्हणेल! पण बांधताना विचार करता येतो. नागपूरकडून मध्य प्रदेशात जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. कॅमेऱ्यांत दिसलं की वाघसुद्धा त्या वाटेने ये-जा करतात. वरून ट्रक, खालून वाघ. नेपरव्हिलमध्येही थोडी जागा राखलेली आहे. ड्यूपेज परगण्याने १९१५ पासून जंगलं नि माळ विकत घेऊन ठेवायला सुरुवात केली. आमच्या जवळच्या स्प्रिंगब्रूक प्रेअरीत सुमारे १,८०० एकर गवताळ माळ आहे. तिथे कूगर नाही, पण कोल्ह्यासारखे कायोटी आहेत, घुबडं आहेत. ती शंभर वर्षांपूर्वीची माणसं शहाणी होती. जमीन स्वस्त असतानाच राखून ठेवावी लागते.

नातीला घेऊन आम्ही ब्रुकफील्डच्या प्राणीसंग्रहालयात जातो. १९३४ सालचं ते संग्रहालय आमच्यापासून जवळच आहे. तिथे अमूर बिबट्या आहे, रशिया-चीनच्या सरहद्दीवरचा, दाट केसांचा. रानात ते शंभर-सव्वाशेच्या आसपासच उरलेत. संग्रहालयांत त्यांची पैदास करतात म्हणून जात टिकते, हे खरं. पण काचेआड वाढलेल्या पिल्लाला इलाका कोण शिकवणार? त्याला परत जायला जंगल तर हवं. भारताकडे अजून ते आहे. २०२२ च्या मोजणीत भारतात ३,६८२ वाघ आणि १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. महाराष्ट्रात ४४४ वाघ आणि १,९८५ बिबटे. आणि उसातले बिबटे या आकड्यात नीट आलेले नाहीत. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा वाघ दोन हजारांच्या आत होते. सव्वाशे कोटींच्या वर माणसं असलेल्या गरीब देशाने हे केलं. श्रीमंत देशांना जमलं नाही ते केलं. आपण कुठेही राहत असलो तरी याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

मुलांनो, तुम्ही काय कराल? कधी भारतात गेलात आणि जंगलात बिबट्या दिसला तर ओरडू नका, पळू नका, वाकू नका. मोठ्या माणसाजवळ उभे राहा, त्याला वाट द्या, तो जाईल. आणि तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावात जनावर यायचं का, रात्री त्याला काय म्हणायचे, गोठा कसा बांधायचे. ते उत्तर मराठीतच लिहून घ्या.

आणि माझ्या वयाच्या वाचकांना विनंती. पेणचे, रोह्याचे, म्हसळ्याचे, अलिबागचे जे कोणी असाल त्यांनी आपापल्या गावच्या बिबट्याच्या आठवणी या पत्राकडे पाठवाव्यात. चार ओळी पुरेत. गावाचं नाव आणि साल जमेल तसं लिहावं. कोणत्या डोंगरात तो होता आणि आता तिथे काय आहे, हे सांगणारी आपली ही शेवटची पिढी आहे. माझ्या आजीच्या गावची नोंद मी सुरुवातीला देऊनच टाकली आहे. तुमच्या पत्रांची वाट बघते.